फ्लॉरेन्स नाइटिंगेलची पहिली नोकरी



आपल्या धर्मग्रामात ज्यांच्या नात्यागोत्यात एकही नर्स नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. दरवर्षी आपल्या काही मुली, आणि अलीकडे मुलगेही, नर्सिंगची परीक्षा पास होतात, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवतात, घरी पेढे वाटले जातात. मग अर्ज सुरू होतात. मुलाखतीचे बोलावणे येते आणि समोरचा माणूस प्रमाणपत्रे चाळून पहिलाच प्रश्न विचारतो, तो अनुभव किती वर्षांचा हा. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. कोणी सहा महिने बिनपगारी ये म्हणतो, कोणी मूळ प्रमाणपत्रेच ठेवून घेतो. मुलगी घरी बसते आणि शेजारीपाजारी विचारू लागतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा पेच आम्हाला ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात भेटला होता. जे काम शिकून करायचे ते करता करताच शिकावे लागते. घर बांधून गवंडी होतो आणि वीणा वाजवून वादक, असे तो म्हणतो. म्हणणे बरोबर आहे. पण नवख्या गवंड्याला पहिले घर बांधायला कोणी द्यायचे, याविषयी ॲरिस्टॉटल काही बोलत नाही.

म्हणून या रविवारी अशा एका बाईविषयी लिहावे असे आम्हाला वाटले, जिचा १२ मे हा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो आणि जिच्या नावाची प्रतिज्ञा आपल्या मुली हातात दिवा घेऊन म्हणतात. (ती प्रतिज्ञा तिने लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली.) दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. पण सेवेची हाक ऐकू आल्यापासून पहिली नोकरी मिळेपर्यंत तिची सोळा वर्षे गेली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

फ्लॉरेन्सचा जन्म १८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला आणि त्या शहराचेच नाव तिला ठेवले गेले. घर इंग्रज आणि अतिशय श्रीमंत. उन्हाळ्यासाठी एक वाडा, हिवाळ्यासाठी दुसरा, मधल्या काळात लंडनच्या मेजवान्या. वडील विल्यम नाइटिंगेल हे वाचनवेडे गृहस्थ. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. थोरली पार्थिनोपी आईच्या वळणावर गेली, तिला चित्रकला आणि पाहुणे आवडत. धाकटी फ्लॉरेन्स वडिलांच्या पुस्तकांत रमे आणि आकडेमोडीत तर फारच. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, परमेश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असा तिला अनुभव आला. कोणती सेवा, हे मात्र त्या दिवशी कळले नाही. पाचारणाचे असे पुष्कळदा होते. हाक स्पष्ट ऐकू येते, पत्ता मागाहून कळतो. आजूबाजूच्या खेड्यांतल्या आजारी माणसांच्या घरी जाऊ लागल्यावर काही वर्षांनी तिला पत्ता कळला.

१८४५ साली, पंचविसाव्या वर्षी, तिने घरी विचारले की सॅलिसबरीच्या इस्पितळात तीन महिने राहून काम शिकू का. तिथले डॉक्टर घराच्या ओळखीचे होते. तरीही घरात जणू आकाश कोसळले. आई रडली, बहीण आजारी पडायच्या बेतात आली. आज हे वाचून आपल्याला आईचा राग येतो, पण तिची बाजूही पाहायला हवी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये इस्पितळात जात ते फक्त गरीब लोक. पैसेवाल्यांवर घरीच उपचार होत. वॉर्डांत घाण आणि दुर्गंधी असे. नर्सचे काम करणाऱ्या बायका बहुतेक न शिकलेल्या, आणि त्यांच्या दारूविषयी व चालचलणुकीविषयी लोक वाईट बोलत. चांगल्या घरच्या मुलीने तिथे जाणे म्हणजे तिच्या बदनामीला आमंत्रणच. आपल्याकडेही मुलीला नर्सिंगला घालू नका, रात्रपाळ्या असतात, लग्न जमणार नाही, असे सांगणारी मंडळी फार जुन्या काळातली नाहीत.

परवानगी मिळाली नाही. मग फ्लॉरेन्सने घरीच अभ्यास मांडला. पहाटे सगळे झोपेत असताना शाल गुंडाळून मेणबत्तीच्या उजेडात ती इस्पितळांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायची, वहीत टिपणे काढायची. न्याहारीची घंटा झाली की वह्या बंद करून खाली जायचे आणि दिवसभर घरची मुलगी म्हणून वावरायचे. ही शिदोरी तिला जन्मभर पुरली. पुढे सैन्याच्या इस्पितळांची लक्तरे तिने आकड्यांनी टांगली ती या सवयीमुळेच. १८४९ साली रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स या नामवंत गृहस्थाची मागणी तिने नाकारली. तो तिला आवडत होता. त्याला नकार देणे सोपे गेले नाही, पण त्या संसारात आपले काम होणार नाही हे तिला दिसत होते.

इथे एक गोष्ट आम्हा कॅथलिकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. १८४७-४८ च्या हिवाळ्यात ती घरच्या स्नेह्यांसोबत रोमला गेली होती. तिथे त्रिनिता देई मोंती या कॉन्व्हेंटमध्ये, पवित्र हृदयाच्या धर्मभगिनींकडे, तिने दहा दिवस मौनसाधनेत घालवले. मदर सांता कोलोम्बा या धर्मभगिनीचा तिच्या मनावर खोल ठसा उमटला. कॅथलिक स्त्रियांना सेवेसाठी घर सोडता येते, त्यांना शिक्षण मिळते, वरिष्ठ मिळतात, काम मिळते आणि समाज त्यांना मान देतो, आपल्याला यातले काहीच का नाही, हा प्रश्न घेऊन ती परतली. आपण आज नर्सलाही सिस्टर म्हणतो आणि धर्मभगिनीलाही सिस्टर म्हणतो. त्या एका शब्दाच्या मागे हाच इतिहास आहे.

१८५२ मध्ये तिने मॅनिंग यांना लिहून कॅथलिक होण्याविषयी विचारले. मॅनिंग स्वतः आदल्याच वर्षी अँग्लिकन पंथातून कॅथलिक ख्रिस्तसभेत आले होते. पुढे ते वेस्टमिन्स्टरचे महागुरू आणि कार्डिनल झाले. त्यांनी तिला घाईने पदरात ओढून घेतले नाही. फ्लॉरेन्स अखेरपर्यंत कॅथलिक झाली नाही आणि तिचे धर्मविचार कोणत्याच पंथाच्या चौकटीत नीट बसणारे नव्हते. तरीही मॅनिंग यांनी तिच्या शिक्षणासाठी पॅरिसच्या धर्मभगिनींकडे शब्द टाकला. शिफारसपत्र देताना देणाऱ्याने बदल्यात काही मागायचे नसते. मॅनिंग यांनी मागितले नाही.

त्याआधी, १८५१ च्या जुलैपासून तीन महिने, ती जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सव्हर्थला राहून आली होती. पास्टर फ्लीड्नर यांनी १८३६ मध्ये तिथे प्रॉटेस्टंट सेविकांची संस्था काढली होती. आई आणि बहीण जवळच्याच देशात औषधी पाण्याच्या ठिकाणी हवापालटाला गेल्या होत्या, आणि फ्लॉरेन्स कुठे आहे हे चारचौघांत कळू नये याची घरच्यांना काळजी होती. पहाटे पाचला उठणे, साधी पेज, रुग्णालय, अनाथ मुले, शस्त्रक्रियेला हजर राहणे. ती फार आनंदात होती. मात्र पुढे तिने स्पष्ट लिहून ठेवले की तिथे नर्सिंग असे काही नव्हतेच, स्वच्छता तर भयंकर होती. भक्तिभाव मात्र इतका शुद्ध दुसरीकडे कुठे पाहिला नाही. १८५३ साली ती पॅरिसला गेली, तिथली इस्पितळे पाहिली. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या दयेच्या भगिनींकडे राहून शिकायचे ठरले होते. तेवढ्यात आजीच्या आजारपणामुळे इंग्लंडला परतावे लागले. आजी गेल्यावर ती पुन्हा पॅरिसला गेली, तर थोड्याच दिवसांत स्वतःलाच गोवर निघाला. नर्स व्हायला आलेली मुलगी रुग्ण होऊन पडून राहिली आणि धर्मभगिनींनी तिची शुश्रूषा केली.

म्हणजे तेहतिसाव्या वर्षी तिच्या गाठीला काय होते? जर्मनीतले तीन महिने, पॅरिसमधले अर्धवट शिक्षण आणि वह्यांचा एक ढीग. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. इंग्लंडमध्ये कोणी कोणाला तसले प्रमाणपत्र देतच नव्हते.

नोकरी ओळखीतून आली. रोममध्ये तिची सिडनी हर्बर्ट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांच्याशी मैत्री झाली होती. एलिझाबेथ हर्बर्ट यांनी तिचे नाव लेडी कॅनिंग यांना सुचवले. या त्याच लेडी कॅनिंग, ज्यांचे पती १८५६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आले आणि ज्या १८६१ मध्ये कलकत्त्यातच वारल्या. लंडनमध्ये हालाखीत सापडलेल्या सुशिक्षित आजारी स्त्रियांसाठी एक लहानशी संस्था होती. रुग्णांमध्ये मुख्यतः परक्यांच्या घरी मुलांना शिकवून पोट भरणाऱ्या अविवाहित शिक्षिका असत. संस्था नव्या घरात हलत होती आणि तिला अधीक्षक हवी होती.

ओळखीने नोकरी मिळाली म्हणून आम्ही तिला नावे ठेवणार नाही. ओळख दारापर्यंत नेते. आत गेल्यावर समितीने तिला सहज घेतले नाही. एवढ्या घरंदाज बाईने नोकरी करावी का, डॉक्टरांबरोबर रुग्णांच्या खोल्यांतून फिरावे का, शिवाय वय लहान. वयाच्या आक्षेपावर तिने तोडगा काढला, की एक प्रौढ, जाणती बाई स्वतःच्या खर्चाने सोबत आणीन. बाकीच्या बाबतीत मात्र ती नमली नाही. घराचा कारभार आपल्या हाती हवा, हे तिने आधीच ठरवून घेतले. नोकरी मागणाऱ्यानेही अटी घालायच्या असतात, हे आपल्या मुलींना कोणी शिकवत नाही. नेमणूकपत्र लेखी मागितले तरी आपल्यालाच उद्धट समजतील अशी त्यांना भीती वाटते.

सर्वांत मोठा वाद धर्मावरून झाला. समितीला फक्त अँग्लिकन पंथाच्याच रुग्ण घ्यायच्या होत्या. फ्लॉरेन्सने सांगितले की कॅथलिक आणि यहुदी स्त्रियांनाही घेतले पाहिजे आणि त्यांचे धर्मगुरू व रब्बी त्यांना भेटायला येऊ शकले पाहिजेत; नाहीतर मी निघाले. सोळा वर्षे थांबून मिळालेली पहिली नोकरी, आणि ती या मुद्द्यावर सोडायची तिची तयारी होती. समितीने शेवटी मान्य केले, पण एक गमतीची अट घातली, की परक्या धर्माचा पुरोहित आला तर अधीक्षकेने त्याला स्वतः दारात गाठावे, जिन्याने वर रुग्णापर्यंत न्यावे आणि पुन्हा खाली दारापर्यंत सोडावे. वाटेत त्याने दुसऱ्या कोणाला बाटवू नये म्हणून! फ्लॉरेन्सने मैत्रिणीला पत्र लिहून या अटीची यथेच्छ थट्टा केली आणि अट पाळली. आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन इस्पितळात जातो तेव्हा एखादी सिस्टर, बहुधा हिंदू किंवा मुसलमान, खाटेभोवतीचा पडदा ओढून देते आणि स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या बाजूला करून जागा करून देते. हार्ली स्ट्रीटच्या त्या जिन्याची आम्हाला अशा वेळी आठवण होते.

१२ ऑगस्ट १८५३ रोजी ती हार्ली स्ट्रीटवरच्या घरात राहायला गेली. पगार शून्य. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले होते. आईला न विचारता घेतलेला हा त्यांचा निर्णय घरात बराच गाजला. इथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. बिनपगारी काम फ्लॉरेन्सला परवडले, कारण तिचे वडील श्रीमंत होते. तिचे नाव पुढे करून आपल्या मुलींना फुकट राबवणाऱ्यांनी हे विसरू नये. शिकलेल्या नर्सला रीतसर पगार मिळाला पाहिजे, हे तिनेच पुढे लावून धरले.

पहिल्या नोकरीत तिने काय केले? तिने समितीला सांगितले की प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी हवे. जेवण वर आणायला दोरावर चालणारी लिफ्ट हवी, म्हणजे नर्सची अर्धी शक्ती जिने चढण्यात जाणार नाही. प्रत्येक रुग्णाजवळ घंटी हवी, आणि ती वाजली की कोणी वाजवली हे नर्सच्या खोलीबाहेर दिसायला हवे. आजच्या इस्पितळांत खाटेजवळचे बटण दाबले की बाहेर दिवा लागतो, त्याची ही आजी. मळकट चादरी, फाटके टॉवेल, भुसार सामानाची उधळपट्टी, या सगळ्यात तिने हात घातला. दर तीन महिन्यांनी समितीला अहवाल दिला. मरणाऱ्या रुग्णांजवळ ती स्वतः बसे. पण आजार नसताना आयती सोय म्हणून मुक्काम ठोकणाऱ्यांची गय तिने केली नाही. स्त्रियांची समिती आणि पुरुषांची समिती यांची आपसातली भांडणे कशी सांभाळायची, हेही ती तिथेच शिकली. पुढे सेनापती आणि मंत्री यांच्याशी गाठ पडली तेव्हा हे शिक्षण कामी आले. आपल्या धर्मग्रामातही समित्या कमी नाहीत, म्हणून याबद्दल आम्ही अधिक लिहीत नाही.

वर्षभरात घराची घडी बसली आणि तिला कळले की ही जागा आपल्याला पुरणार नाही. इथे नव्या नर्सेस शिकवता येणार नाहीत. १८५४ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये कॉलरा पसरला तेव्हा ती मिडलसेक्स इस्पितळात मदतीला धावली. ऑक्टोबरमध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांची दैना वर्तमानपत्रांतून कळली. सिडनी हर्बर्ट तेव्हा युद्धखात्यात मंत्री होते आणि त्यांनी तिलाच जायला सांगितले. म्हातारपणी नव्हे, पण १८७४ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात तिने परमेश्वराची हाक चार वेळा ऐकल्याचे नोंदवले आहे, आणि त्यातली दुसरी वेळ हार्ली स्ट्रीटला जाण्याआधीची आहे. क्रिमियाची हाक तिसरी. एका लहान संस्थेतली बिनपगारी नोकरी तिने युद्धाच्याच रांगेत ठेवली.

२१ ऑक्टोबर १८५४ रोजी ती ३८ स्त्रियांना घेऊन निघाली. त्यांत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. बर्मंड्सी कॉन्व्हेंटच्या मदर मेरी क्लेअर मूर त्यांपैकीच एक. दोघींची मैत्री मदर क्लेअर १८७४ मध्ये वारेपर्यंत टिकली, आणि त्या पदाला आपल्यापेक्षा तुम्हीच अधिक लायक होता, अशा अर्थाचे पत्र फ्लॉरेन्सने त्यांना लिहिले. सगळ्याच धर्मभगिनींशी मात्र तिचे जमले नाही. मागाहून आलेल्या आयरिश धर्मभगिनींच्या तुकडीशी अधिकारावरून कडाक्याचे खटके उडाले. स्कुटारीच्या इस्पितळाची हकिगत आपण सर्वांनी वाचली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही.

युद्धातून ती १८५६ मध्ये परतली ती आजार घेऊनच. लोकांनी तिच्या गौरवार्थ जमवलेल्या सुमारे ४४ हजार पौंडांतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नर्सिंगची शाळा निघाली. तिथे मुलींना वर्षभर शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि वर थोडे पैसेही मिळत. शिक्षण संपले की पहिली नोकरी शोधत दारोदार फिरण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे. फंडाची समिती ठरवील त्या इस्पितळात त्यांना पाठवले जाई आणि काही वर्षे तिथे काम करणे बंधनकारक असे. शक्यतो एकटीला पाठवायचे नाही, मुख्य परिचारिका आणि तिच्यासोबत नर्सेसचा गट असे पाठवायचे, म्हणजे जुन्या वळणाच्या इस्पितळात नवी मुलगी एकटी पडत नाही. ॲग्नेस जोन्स १८६५ साली बारा नर्सेस घेऊन लिव्हरपूलच्या गरीबखान्याच्या इस्पितळात गेल्या आणि तीनच वर्षांनी टायफस तापाने तिथेच वारल्या. ल्युसी ऑस्बर्न १८६८ मध्ये पाच नर्सेससह ऑस्ट्रेलियात सिडनीला पोहोचल्या. फ्लॉरेन्स अंथरुणावरून या मुलींना पत्रे लिहीत राही. परीक्षा आणि नोंदणी यांवरून नर्स पारखता येत नाही असे तिचे मत होते, आणि नर्सेसच्या नोंदणीच्या चळवळीला तिने कडाडून विरोध केला. हे मत आम्हाला पटत नाही. जिच्या पाठीशी फ्लॉरेन्सची ओळख नाही अशा मुलीला नोंदणीचा कागद हाच आधार असतो.

हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण इथल्या आरोग्याविषयी तिने चाळीस वर्षे अहवाल मागवले आणि पत्रे धाडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ख्रिस्ती मुलीला ऑक्सफर्डला पाठवण्यासाठी १८८८-८९ मध्ये जो निधी जमला, त्यात तिनेही पैसे घातले होते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ती लंडनमध्ये वारली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची सरकारची तयारी होती. तिच्या इच्छेप्रमाणे नातेवाइकांनी नकार दिला. हॅम्पशरमधल्या ईस्ट वेलो या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ, तिला पुरले. दगडावर तिच्यासाठी नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या नोंदी एवढेच कोरले आहे.

तुमचे धर्मगुरू